किल्लीवाल्याचं स्टूल

४ जून

विहीणबाई,

आधी तक्रार, मग नमस्कार. गेला आठवडाभर तुम्हाला फोन लावतेय. घंटा वाजून वाजून दमते, तुम्ही काही उचलत नाही. मी टेलिफोनच्या केंद्रात जन्मभर परक्यांची बोलणी जोडून दिली, आणि आता स्वतःच्या विहिणीशी माझी जोडणी लागेना. शेवटी चिंगीला विचारलं, तर माझी लेक म्हणते, "आई, सासूबाईंना फोनचा कंटाळा आहे. त्यांना पत्र लिही, पत्र त्या दोनदा वाचतात." म्हणून बसले लिहायला. लग्नात तुमचा रुसवा काढायचा राहिला होता, तो आता काढतेय असं समजा.

आता नमस्कार, आणि सोबत एक भेट. आमच्या कोपऱ्यावरचं सिनेमांच्या सीडींचं दुकान बंद झालं. दुकानदाराने सगळा माल रद्दीच्या भावाने काढला, मी पिशवी भरून आणला. तुमच्याकडे जावयाने जुना प्लेअर ठेवलाय असं कळलं. तेव्हा पिशवीतला माझा सगळ्यात लाडका सिनेमा पाठवतेय. एक किल्ल्या करून देणारा माणूस, त्याची एकुलती एक लेक. ती भांडून घर सोडते आणि केस पिकायला लागल्यावर एका दुपारी बापाच्या दारात येऊन उभी राहते. शेवट सांगत नाही. बघा आणि बाप बरोबर की चूक ते कळवा. गाणं एकही नाही, पण कुलपांचे आणि कड्यांचे काय आवाज आहेत! मी सिनेमा लावला की नजर विणकामाच्या सुयांवर आणि कान पडद्यावर. सध्या सुयांवर काय आहे ते तुम्ही ओळखलंच असेल. पिवळा घेतलाय, नातू असो की नात.

त्यावरून आठवलं. चिंगीची रजा मार्चात संपेल. मग दिवसभर बाळ कोणाकडे, हे तुमच्या-माझ्यात अजून बोलणं झालेलं नाही. तुम्ही त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर, मी अर्ध्या दिवसाच्या बसवर. पण मी एकटा जीव, बोचकं बांधायला मला वेळ लागत नाही. बघू.

तुमची,
विहीण


१५ जून

विहीणबाईंना नमस्कार.

पत्र आणि सीडी दोन्ही नीट पोचलं. फोन आतल्या खोलीत असतो आणि मी बाहेरच्या. शिवाय फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही. तोंड न बघता बोलायचं म्हणजे मला अंधारात सुई ओवल्यासारखं वाटतं. पत्र बरं.

सिनेमा तीनदा बघितला. इतका चांगला सिनेमा मी पाहिलेला नाही, तुम्हाला मनापासून धन्यवाद. त्या बापाची बोटं बघितलीत? नखांत लोखंड बसलेलं. मी कापडगिरणीत मागावर होते, आमच्या नखांत सुताचा भुगा बसायचा तसं. आणि ते स्टूल. मुलगी लहान असताना बापाशेजारी त्यावर बसून पाय हलवत असते. त्याचा एक पाय आखूड, खाली कागदाची घडी घातलेली. ती घर सोडून जाते तेव्हा तो ते स्टूल बाकाखाली ढकलतो आणि वर्षानुवर्षं ते तिथेच राहतं.

आणि शेवट! ती दारात उभी, तो पाठमोरा, हातात कानस. मान वळवत नाही. पण पाय लांब करून स्टूल बाकाखालून ओढतो आणि तिच्या दिशेने सरकवतो. म्हणजे बैस. मला रडू आवरेना. मग ती जाते ते सामान आणायला, स्टेशनवर ठेवलेली बॅग घेऊन येणार. किती शहाणा माणूस, इतक्या वर्षांचा राग पायाने बाजूला केला. बाप बरोबर, दहा वेळा बरोबर.

बदल्यात मी एक पाठवतेय. माझा राजा कॉलेजात असतानाच्या चार सीड्या घरात होत्या, त्यांतली. परदेशी आहे, खाली अक्षरं येतात. म्हातारा-म्हातारी नाव चालवून माणसं पलीकडे पोचवतात आणि नदीवर पूल बांधला जातो. तुम्हाला आवडेल.

बाळाचं म्हणाल तर मी राजाला आधीच सांगून ठेवलंय, मी सांभाळीन. राजा लहान होता तेव्हा मी मागावर उभी होते. तो शेजारणीच्या मांडीवर वाढला. त्याचं पहिलं पाऊल तिने पाहिलं आणि मला संध्याकाळी सांगितलं. हे बाळ मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघायचं आहे. तुमचा हक्क माझ्याइतकाच, पण एवढं मला द्या.

विहीण


२२ जून

विहीणबाई,

आपण दोघींनी एकच सिनेमा बघितला ना? की माझ्या पिशवीतून भलतीच सीडी तुमच्याकडे गेली?

कसलं स्टूल घेऊन बसलात! तो बाप तोंडाने काय म्हणतो? "जा. या दाराची किल्ली तुझ्यासाठी नाही." खणखणीत म्हणतो. मी हा सिनेमा पाच वेळा लावलाय, ते वाक्य मला सुया हातात असताना पाठ झालंय. आणि ती सामान आणायला वगैरे जात नाही हो. तिची पावलं जिना उतरत उतरत बारीक होत जातात आणि संपतात. गेली ती. दगडाला पाझर फुटेल पण त्या बापाला फुटला नाही. म्हणून तर मी विचारलं होतं, बरोबर की चूक. माझ्या मते शंभर टक्के चूक, पण सिनेमा सोन्यासारखा. तुमचं मन मोठं म्हणून तुम्हाला सामान-बिमान दिसलं. माणूस आपल्याला हवं ते बघतो.

नावाड्यांचा मात्र तुमचा निकाल मान्य. अक्षरं वाचायची म्हणजे सुया खाली ठेवाव्या लागल्या, स्वेटरचे टाके गळले, पण तक्रार नाही. पूल झाल्यावर ती दोघं रिकाम्या नावेत बसून एकमेकांना पलीकडे पोचवतात, तेव्हा मी चष्मा पुसला. विहीणबाई, तुमची आवड फार वरची आहे हो. मला वाटत होतं, गिरणीतली बाई, मारामारीचे सिनेमे बघत असेल. माझंच चुकलं.

आता मी माझा हुकमाचा एक्का काढते. सोबत दाराचा सिनेमा आहे. त्यात जवळजवळ दहा मिनिटं पडद्यावर नुसतं एक बंद दार आहे. आत आई आणि तिचे दोन मुलगे. आईने कोणाकडे राहायचं यावरून आत जे काय होतं, ते सगळं आपण दाराबाहेर उभं राहून ऐकायचं. एक मुलगा रडतो की हसतो तेही कळत नाही. आणि आईचा आवाज शेवटी एकदाच येतो. केंद्रात मी काय काय ऐकलंय, पण असं नाही ऐकलं. श्वास रोखून बघा.

बाळाचं तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. शेजारणीने सांगितलेलं पहिलं पाऊल, हे काही मनातून जात नाही. पण खरं सांगते, मलाही हवंय ते बाळ. चिंगीचे बाबा गेल्यापासून माझ्या घरात बोलायला फक्त पडद्यावरची माणसं आहेत. विचार करू. मी भांडायला येत नाहीये.

विहीण


६ जुलै

विहीणबाईंना नमस्कार.

दाराचा सिनेमा बघितला. कामं सगळ्यांची चांगली आहेत. म्हातारीची साडी वापरून वापरून किती मऊ झालीय ते लांबून कळतं, तसं कापड दाखवणं सोपं नाही. पण मधे बराच वेळ नुसतं दार दाखवलंय. मी आधी ते नीट बघून घेतलं. रंगाला पोपडे आलेत, एक बिजागरी नवी बसवलीय. मग उठून चहा करून आले, तरी दारच. मला वाटलं सीडी अडकली. नंतर म्हातारी पिशवी घेऊन बाहेर येते. तिचा चेहरा बघितला की कळतंच, आत दोघांनीही तिला नको म्हटलं, आणि तिने दोघांनाही माफ केलं. एवढं चेहऱ्यावर आहे तर मग इतका वेळ दार कशाला? तुम्हाला राग येईल, पण विचारलंत म्हणून सांगितलं.

किल्लीवाला परत पाठवतेय. माझं मत बदललेलं नाही. तो काय बोलला याला मी फार किंमत देत नाही. आमच्या खात्यात एक मुकादम होता, रोज म्हणायचा उद्यापासून येऊ नका, आणि दिवाणखान्यात बसवल्यासारखी आमची काळजी घ्यायचा. तोंड काहीही बडबडतं. पायाला खोटं बोलता येत नाही. स्टूल सरकवलंय, हे तुम्ही खोडून दाखवा.

बाकी ठीक. राजा परवा कुरकुरत होता, दार वाजवून वाजवून हात दुखले म्हणे. मी पंखा लावून बसले होते. सूनबाईची तब्येत छान आहे, गालावर तेज आलंय.

विहीण


११ जुलै

विहीणबाई,

आज थट्टा नाही.

त्या दारासमोरून उठून कोणी चहा करायला जात नाही. मी ज्यांना ज्यांना तो सिनेमा दाखवला त्यांतलं कोणी जागचं हललं नाही. तुमचं पत्र वाचलं आणि आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. मग तेच पत्र परत वाचलं. मग आधीची काढून वाचली. न उचललेला फोन, तोंड दिसायला हवं, खाली अक्षरं, दार वाजवून दुखलेले हात.

दुपारी सुया पिशवीत घातल्या, टीव्हीचा आवाज पार बंद केला आणि किल्लीवाला लावला. विहीणबाई, तो सिनेमा मी पाच वेळा ऐकला होता. बघितला पहिल्यांदा. ते स्टूल सगळीकडे आहे हो! बाप जेवतो तेव्हा आहे, आजारी पडतो तेव्हा आहे, गिऱ्हाईक त्यावर बसायला जातं तर तो हात आडवा घालतो. आणि शेवटी पाय लांब होतो, स्टूल सरकतं, कागदाची घडी मागे राहते म्हणून ते डुगडुगतं. माझ्या डोळ्यांसमोर पाच वेळा झालं आणि मी मान खाली घालून टाके मोजत होते. हरले. बाप तिला बैस म्हणाला. तुम्ही जिंकलात, आणि मला याचा इतका आनंद झालाय की काय सांगू.

फक्त ती सामान आणायला गेली, ते तुम्ही मनाने घातलंत. तिने वाक्य ऐकलं आणि ती वळली. स्टूल तिने बघितलं की नाही, सिनेमा सांगत नाही.

आता एक गोष्ट मी तुम्हाला देते. नंतर आवाज लावून शेवट पुन्हा ऐकला. अख्ख्या सिनेमात तो माणूस दाराला कडी घालतो, प्रत्येक वेळी तोच कडाक् असा आवाज येतो. कोणी बाहेर गेलं की लगेच कडी. शेवटी लेकीची पावलं जिना उतरतात, शांतता होते, पडद्यावर नावं यायला लागतात, नावं संपतात. कडी लागत नाही. त्याने दार उघडं ठेवलंय.

हे तुम्हाला ऐकू येणार नाही, म्हणून लिहून कळवतेय. बरोबर आहे ना माझं?

चिंगीशी मी अजून काही बोललेली नाही.

विहीण


२ ऑगस्ट

विहीणबाईंना,

उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. मग वाटलं, तुम्ही आवाज बंद करून माझा सिनेमा बघितलात, मी निदान खरं लिहावं.

मागांच्या खात्यात आडवं सूत ओढणारे शेकडो धोटे एकदम धावतात. तिथे शेजारची बाई किंचाळली तरी ऐकू येत नाही. म्हणून आम्ही ओठांनी बोलायचो, आवाज न काढता. या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईला सासूची चुगली सांगायची आणि मधल्या सगळ्या हसायच्या. तिथे कोणाला कान लागतच नव्हते, त्यामुळे ते कधी गेले ते कळलं नाही. आधी कुकरची शिट्टी गेली. मग फोन. मग पाठीमागून मारलेली हाक. डाव्या कानात आता काही नाही, उजव्यात थोडं आहे. माणूस समोर असला की मला सगळं कळतं, पाठ फिरवली की मी संपले. राजाला वाटतं मी तंद्रीत असते. गिरणीवाल्यांच्या घरात सगळे मोठ्यानेच बोलतात, तोही बोलतो, म्हणून निभावलं.

लपवलं का, ते तुम्ही ओळखलं असेल. बाळ रडलं तर मला ऐकू येणार नाही, हे कळल्यावर माझ्या हातात बाळ कोण देईल? आणि समोर तुम्ही. चांगले कान, चांगलं बोलणं, रिकामा वेळ. तुम्हाला कळू नये म्हणून तर मी फोन उचलत नव्हते. आणि तुम्हालाच कळलं. राजाचं पहिलं पाऊल माझ्या कानांनी पाहिलं, याचं तरी नीट पाहावं एवढीच हाव होती. आता सगळे पत्ते तुमच्या हातात आहेत. सांगायचं असेल तर सांगा, मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही.

कडीचं लिहिलंत ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. कडी लागली नाही हे मला कधीच समजलं नसतं. तुमच्यामुळे माझा शेवट पुरा झाला.

विहीण


७ ऑगस्ट

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचल्यावर माझ्या मनात पहिला विचार कोणता आला सांगू? आता बाळ माझं. हो, असाच आला, आणि मी चहा गाळेपर्यंत तो तिथेच बसून होता. मग माझी मलाच लाज वाटली. तुम्ही मला स्टूल दिलंत आणि मी तुमचं बाळ काढून घ्यायला निघाले होते.

चिंगीला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. बाळ यायच्या आधी, आणि दोघांना समोर बसवून. मी आई आहे, जन्मभर गप्प बसायचं वचन देत नाही, पण तोवर माझ्या तोंडाला कडी. शेवटच्या प्रसंगातली नाही, आधीची, कडाक् वाजणारी.

आणि कानाच्या डॉक्टरकडे जा. यंत्राची लाज वाटते असं मला सांगू नका. मी उभं आयुष्य कानाला यंत्र लावून बसले, त्याचाच तर पगार मिळाला. तुम्ही लावलंत तर काय बिघडलं? फुकट तर फुकट.

किल्लीवाला परत पाठवतेय. तो आता तुमच्याकडेच राहू द्या.

विहीण


१९ नोव्हेंबर

विहीणबाईंना नमस्कार.

नातीला बघून तुम्ही परत गेलात आणि घर रिकामं वाटलं. पिवळा स्वेटर तिला झकास होतो. तुम्ही इथे होतात तेव्हा माणसांची वर्दळ होती, आपलं बोलणं राहिलं, म्हणून लिहितेय.

दोघांना कानांचं सांगितलं तेव्हा काय झालं ते तुम्हाला अजून ठाऊक नाही. राजा खुर्ची उचलून माझ्या अगदी समोर आणून बसला, तोंड माझ्याकडे केलं आणि म्हणाला, "आई, इतकी वर्षं मी तुझ्याशी पाठ फिरवून किती वेळा बोललो असेन गं?" सूनबाईने हात धरला. पण ती तुमची लेक, डोकं जागेवर असलेली. म्हणाली, "मला विचार करू द्या. तुम्हाला नाही म्हणत नाहीये, पण हो पण म्हणत नाहीये." मला ते आवडलं. मी तिच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं.

यंत्र आलं. लावलं की सगळे माग एकदम सुरू होतात. वाटी ठेवली तरी तोफ. डॉक्टर म्हणतात सवय होईल. यंत्र लावून किल्लीवाला बघितला. त्याचं ते वाक्य ऐकलं. आवाज चांगला आहे माणसाचा, पण खोटं बोलतोय.

आता मुद्दा. सूनबाईने ठरवलंय की ती कामावर रुजू होईल तेव्हा तुम्ही इथे येऊन राहायचं, मी बाळ कशी सांभाळते ते बघायचं आणि तिला सांगायचं. "आई सांगेल तसं करू," असं तिचं म्हणणं. म्हणजे परीक्षा माझी आणि परीक्षक तुम्ही. तुमचाही जीव त्या बाळात अडकलाय हे मला ठाऊक आहे, आणि तरी मी हो म्हटलं. जो माणूस चुकलो म्हणून लिहून कळवतो त्याच्या हातात निकाल गेला तर मला चालेल.

विहीण


१४ मार्च

विहीणबाई,

घरी सुखरूप पोचले. बस वेळेवर, गुडघे नेहमीसारखे.

शेवटच्या दुपारी चिंगीचा फोन आला तेव्हा मी तुमच्याकडे पाठ करून बोलले. तुमच्या लक्षात आलं, मी फोन ठेवल्यावर तुम्ही नुसत्या लंगोटांच्या घड्या घालत बसलात. मुद्दाम पाठ केली होती. तोंड दिसलं असतं तर तुम्ही वाचलं असतं, आणि ते मला सावकाश लिहायचं होतं.

पहिल्या दिवसापासून सांगते. मी दारात आले तेव्हा तुम्ही बाळाला बाटलीने दूध पाजत होतात. मान वळवली नाहीत, पाय लांब करून स्टूल माझ्याकडे सरकवलंत. मी त्यावर बसले आणि हसू दाबलं. तुम्ही मुद्दाम केलंत की नकळत, ते मी विचारणार नाही.

मी कडक परीक्षक व्हायचं ठरवून आले होते. तुम्ही पाळणा भिंतीशी न ठेवता खोलीच्या मधोमध ठेवलाय, हे पहिल्याच दिवशी टिपलं. ओट्याशी उभं राहिलं की पाळण्याकडे पाठ होते म्हणून तुम्ही तिथे खिळ्याला आरसा टांगलाय. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण नातीला लागतो. हे सगळं मला पटलं, तरी मनात एक होतंच. आरसा ठीक, यंत्र ठीक, पण रडणं ते रडणं. ते ऐकूच यावं लागतं.

मग त्या दुपारी मी यंत्र फळीवर डबीत पडलेलं बघितलं. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, सापडल्या. बोलणार होते, पण म्हटलं थांबावं, बाळ उठू दे, रडू दे, यांना स्वतःलाच कळू दे. मी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत बसले आणि कान लावले. केंद्रात लावायचे तसे. तुम्ही खोलीत कपडे आवरत होतात. बाळ उठायची वेळ झाली, टळली. मी वाट बघतेय रडण्याची, आणि रडणं काही येत नाही. शेवटी उठून बघितलं तर बाळ तुमच्या खांद्यावर, टक्क जागं, माझ्याकडे बघतंय.

मी तुमच्या समोर येऊन विचारलं, कधी उठली? तुम्ही म्हणालात, "आत्ताच. आधी पायाचा अंगठा ताणते, मग भुवई येते, मग खालचा ओठ. ओठापर्यंत मी तिला जाऊ देत नाही." आणि यंत्र का काढलंत विचारलं तर म्हणालात की दुपारी ते लावलं की तुमचं लक्ष आवाजाकडे जातं आणि बाळावरचं उडतं. त्यानंतर उरलेले सगळे दिवस मी सुया पिशवीतून काढल्याच नाहीत. तुमच्याशेजारी स्टुलावर बसले आणि तो अंगठा बघत राहिले. मी चिंगीला वाढवली, चांगली वाढवली, पण तिचा अंगठा मी कधी बघितला नव्हता. ती रडली की मी धावायचे. धावण्यातच मला मोठेपणा वाटायचा.

म्हणून सांगते, दुपारी तुमच्या मनासारखं करा. पण सकाळी शेजारीपाजारी दार वाजवतात, तेव्हा यंत्र कानात हवं, ही परीक्षकाची अट आहे.

आता तो फोन. चिंगीने विचारलं, "आई, तुझा जीव अडकलाय तिच्यात, मला माहीत आहे, पण खरं सांग. ती रडली तर सासूबाईंना ऐकू येतं का?"

मी तुमच्याकडे पाठ केली, आणि ज्या कानांच्या जोरावर मी जन्मभर पगार घेतला त्यांना स्मरून तिला खरं तेच सांगितलं. म्हटलं, "चिंगे, मी इथे आल्यापासून तुझी मुलगी रडलेली मलाच ऐकू आलेली नाही."

तुमची,
विहीण